मधली चौकट

“सहाव्या चौकटीत पोरगी माडीवर खाटेला खिळलेली. सातव्या चौकटीत तिचा पाय बावडीच्या पाण्यात. मग मधे ती गेली कशी, मंगलाबाई?” मधुकरनं असं विचारलं तेव्हा शाळा सुटून अर्धा तास झाला होता. चित्रकलेच्या वर्गात ते दोघंच होते आणि मंगलाच्या हातात रबर होतं. त्याचा कोपरा तिनं नखानं तोडला. प्रश्न तसा साधा होता. गेली चौदा वर्षं ती स्वतः मुलींना असलेच प्रश्न विचारत आली होती, ही सुरई हवेत का तरंगतेय, या बाईचा दुसरा हात कुणी पळवला. “चालत गेली,” ती म्हणाली. मधुकरनं सहावी चौकट तिच्यापुढे सरकवली. “ह्या पायानं? बघा तरी, तुम्हीच काढलाय.” पाय तिनंच काढला होता आणि तिला माहीत होतं की चांगला काढला होता: टम्म सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, घोट्याखाली फोड फुटलेला आणि त्यातून बाहेर आलेला नारूच्या किड्याचा पांढरा दोरा काडीला गुंडाळलेला. “पब्लिक पूछेगी,” मधुकर म्हणाला, “बाजारात बसलेला एखादा म्हातारा नक्की ओरडेल, अरे, ही उडून गेली का! आणि एकदा लोक हसले ना, की पुढचं सगळं वाया गेलं. मधली एक चौकट काढा. जिना, गल्ली, पायऱ्या, काय हवं ते. रविवारी संध्याकाळी मी घरी येऊन घेऊन जातो. सोमवारी कॅमेरा येतोय.” मंगला बरं म्हणाली. बावडीच्या विहिरीत उतरायला पायऱ्या सतरा आहेत, हेही तिच्या ओठावर आलं होतं. पण मधुकरच्या कागदात पायऱ्यांचा आकडा कुठंच नव्हता.

मधुकर ग्वाल्हेरचा. मध्यभारत सरकारच्या प्रचार खात्यात होता आणि त्याआधी तीन वर्षं पुण्यात एका स्टुडिओत राबला होता. कॅमेरा सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दृश्य कागदावर काढून घ्यायचं, कुठून बघायचं, कोण किती जवळ, हे तो तिथं शिकला. त्याला तो स्टोरीबोर्ड म्हणायचा, मंगला चौकटी म्हणायची. खात्याकडून फिल्म फुटांवर मोजून मिळत होती, तेव्हा चुकायचं ते कागदावरच चुकून घ्यायला हवं होतं. नारूच्या रोगावर बारा मिनिटांचा सिनेमा, मोटारीच्या मागं पडदा बांधून माळव्यातल्या गावोगावच्या हाटात दाखवायचा. उज्जैनमध्ये चित्रं काढणारं कुणी आहे का अशी चौकशी करत तो कन्याशाळेत आला आणि मोठ्या बाईंनी मंगलाकडे बोट दाखवलं. घाई होती, कारण एक नोव्हेंबरला मध्यभारतच राहणार नव्हता. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन सगळे भोपाळच्या एका मोठ्या राज्यात जाणार होते, कोणतं खातं कुठं जाईल आणि कोण कुठल्या खुर्चीत बसेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ऑक्टोबरात जे सुरू होणार नाही ते पुढं कधीच होणार नाही, असं मधुकर दर दोन वाक्यांमागं म्हणत असे. तरीही पहिल्या चौकटीत त्यानं मध्यभारताचा नकाशा मागितला होता आणि मंगलानं तो सगळ्या नागमोडी सीमांसकट, चंबळेच्या वळणांसकट, मोठ्या निगुतीनं काढून दिला होता. महिन्याभरानं रद्द होणारा नकाशा काढताना तिला हसू आलं होतं. आज शाळेतून घरी परतताना मात्र तिला कशाचंच हसू येईना. गोपाळ मंदिरापाशी टांगेवाला “बहनजी, बाजू!” असं दोनदा ओरडला तेव्हा ती बाजूला झाली.

कारण चौकटीतली ती पोरगी म्हणजे मंगला स्वतःच होती. हे मधुकरला ठाऊक नव्हतं, मोठ्या बाईंना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आठ दिवसांपूर्वीपर्यंत मंगलालाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. नवव्या वर्षी तिला नारू झाला होता. पण त्या काळी तो कुणाला झाला नव्हता? गोवर यावा तसा तो यायचा, तीन-चार महिने माणसाला खाटेवर पाडायचा आणि जायचा. न्हावी येई, काडीवर रोज बोटभर दोरा गुंडाळी, आणि जपून राहा, तुटला तर पाय गेला, असं बजावून जाई. आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, अण्णा दरबारच्या तहसिलीत कारकुनी करत आणि दिवसभर घरात मंगला आणि तिच्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का. एका बाजूनं कोरे असलेले सरकारी कागद अण्णा तिला आणून देत. त्या कागदांवर खिडकीतून दिसेल ते काढता काढता ती चित्रकार झाली, एवढीच त्या आजाराची गोष्ट ती लोकांना सांगत असे. दुसरी एक गोष्ट ती कुणालाच सांगत नसे. ती वाईट होती म्हणून नव्हे, फार गोड होती म्हणून. पायाची आग आग होतेय, भर दुपार आहे आणि मग एकदम ते पाणी. पाय पाण्यात गेला आणि अंगातून सगळं दुखणं कुणी ओढून घ्यावं तसं झालं. पायाभोवती पाणी जरा पांढुरकं झालं, ताकाचं भांडं विसळल्यावर होतं तसं, आणि हिरव्या पाण्यात ते हलके हलके पसरत गेलं. माक्याच्या तेलाचा वास येत होता. बावडीच्या पाण्याला माक्याच्या तेलाचा वास येतो अशी तिची आयुष्यभर समजूत होती. पुढं शाळेत भांडणं झाली, अण्णा गेले, अंगात ताप असताना परीक्षा दिल्या, तेव्हा ती डोळे मिटून त्या पाण्यात पाय घालायची आणि तिला बरं वाटायचं.

आणि आठ दिवसांपूर्वी मधुकरनं डॉक्टरांकडून लिहून आणलेले चार कागद तिच्या हातात ठेवले. तिसऱ्या कागदावर लिहिलं होतं: “पायाची आग होते म्हणून रोगी पाय पाण्यात घालतो. त्यास थंड वाटते. त्याच क्षणी किडा हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. ते पाणी जो पिईल त्यास वर्षाने नारू होतो.” मंगलानं ते शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानं वाचलं, मग वर्गात जाऊन बसून वाचलं. वर्षाने. दुसऱ्या वर्षी गल्लीत अकरा जणांना नारू झाला होता, आणि त्या अकरांत अक्का होती. तिचा गुडघ्यातून निघाला. न्हाव्याच्या हातून दोरा तुटला, गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि उतरला तेव्हा सांधा धरलेला होता. पाय सरळ झाला तो पुन्हा वाकलाच नाही. ग्वाल्हेरच्या भागवतांकडे अक्काचं ठरलं होतं, सुपारी फुटली होती. त्यांच्याकडून एक बाई येऊन पाहून गेल्या, चहा घेतला, पायाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. ते ताकासारखं पांढरं काय होतं हे मंगलाला आता कळलं होतं. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की ते थंड पाणी आता तिचं राहिलं नव्हतं.

घरी आली तर अक्का नेहमीसारखी जमिनीवर एक पाय लांब पसरून गहू निवडत बसली होती. “आलीस? किती देर लावलीस आज. तो तुझा सिनेमावाला सोडत नाही वाटतं,” अक्का म्हणाली. अक्काची जीभ पहिल्यापासून तशीच. स्वतःच्या पायावर तर ती सगळ्यांच्या आधी विनोद करायची: “माझा पाय आधी खोलीत येतो, मागून मी येते.” लोक हसायचे, मंगलाही हसायची. आज ताटाच्या कडेनं गेलेला तो सरळ पाय तिला बघवेना. “तब्येत बरी नाही का ग तुझी? आठ दिवस झाले, जेवायला बसतेस आणि भात चिवडत राहतेस.” “काही नाही,” मंगला म्हणाली. सांगून टाकावं, असं आठ दिवसांत तिला वीसदा वाटलं होतं. पण सांगायचं काय? अक्का, तुझा पाय मी घालवला, तुझं लग्न मी मोडलं, आणि तीस वर्षं होत आली तरी मला त्याचं सुखच वाटत होतं? हे बोलून झाल्यावर दोघींनी याच दोन खोल्यांत उरलेलं आयुष्य कसं काढायचं? अक्का गहू निवडत राहिली आणि खडे खिडकीतून बाहेर टाकत राहिली.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मंगला घरी न जाता चित्रांची वही घेऊन जुन्या गल्लीत गेली. कार्तिक चौकामागची ती गल्ली तिनं टाळली होती असं नाही, पण गल्लीच्या टोकाची बावडी मात्र टाळली होती. एवढंच कशाला, पाण्यात उतरणारी कुठलीही पायरी ती टाळायची. मैत्रिणी सोमवतीला राम घाटावर गेल्या की ही वर उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायची. आता घरोघर नळ आले होते, बावडीचं पाणी प्यायला फारसं कुणी नेत नव्हतं, पण एक बाई खाली कपडे धूत होती. “संभलके, बहनजी, काई है,” ती खालून म्हणाली. मंगला शेवाळ टाळत, भिंतीला हात लावत उतरली. एक, दोन, सात, बारा, सतरा. सतराच होत्या. शेवटून दुसऱ्या पायरीवर पदर सावरून ती बसली. मुलींना ती नेहमी सांगायची की आठवणीतून काढायचं असेल तर जेवढं पाहिलंय तेवढंच काढा, जे दिसलं नाही ते शहाणपणानं भरू नका. तिनं पाणी काढलं, पायरीची झिजलेली कड काढली, कोनाड्यातले पारवे काढले. मग लांब श्वास घेतला. शेवाळ्याचा वास आला, पारव्यांच्या विष्ठेचा आला, कपड्यांच्या साबणाचा आला. माक्याच्या तेलाचा आला नाही. तिनं खाली वाकून पुन्हा श्वास घेतला. “पानी में तेल की खुशबू आती है क्या कभी?” तिनं त्या बाईला विचारलं. बाई कपडा पिळता पिळता खो खो हसली. “पानी में तेल? हाँ, घर में हो तो लेते आना, बहनजी, इसी में पूड़ी तलेंगे!” परत वर चढताना दहाव्या पायरीवर मंगलाला दम लागला. तिथंच ती थांबली आणि खाली पाहिलं. सदतीस वर्षांच्या धडधाकट पायांना ही चढण जड जातेय. नऊ वर्षांची पोर, एक पाय निकामी, दोरा तुटेल म्हणून कुणी हलू न दिलेली, जिना उतरली, गल्ली ओलांडली आणि या ओल्या पायऱ्या उतरली? मधुकरच्या बाजारातला तो म्हातारा खरंच ओरडला असता. एवढी वर्षं तिनं ती दुपार मनात किती वेळा पाहिली होती, आणि दर वेळी खाटेवरून एकदम पाण्यात गेली होती. मधलं काही तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी सकाळी अक्का न्हायली. केस वाळल्यावर ती माडीच्या उन्हात बसली, पाय पुढं पसरलेला, शेजारी तेलाची वाटी आणि कंगवा. “जरा घाल ग तेल. हात पोचत नाही आताशा मागं.” असं तेल मंगला दर रविवारी घालायची. वाटीत बोटं बुडवून तिनं अक्काच्या टाळूवर तेल टेकवलं, आणि उन्हानं तापलेल्या डोक्यातून माक्याचा वास वर आला. हा वास या घरात रोजचाच होता, म्हणूनच की काय तो तिनं कधी ओळखला नव्हता. तिचे हात थांबले. अक्काची मान तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. तीच मान, तोच कानामागचा तीळ, आणि मंगलाला एकदम आठवलं की तो तीळ वरखाली हलत होता, आपल्या हनुवटीखाली हलत होता, वेणी आपल्या आणि अक्काच्या मधे दाबली गेली होती आणि कुणीतरी मोजत होतं, एक, दोन, तीन. पायऱ्या तिनं मोजल्या नव्हत्या. तिच्याकरता कुणी तरी मोजल्या होत्या, तिनं रडू नये म्हणून, मोठ्यानं. “अक्का,” ती म्हणाली, “मला नारू झाला होता तेव्हा मी बावडीवर कशी गेले ग?”

“कशी म्हणजे? मी नेलं की तुला, पाठुंगळीला मारून,” अक्का म्हणाली. “थांबलीस का? घाल ना तेल.” मंगलानं तेल घातलं नाही. ती अक्काच्या समोर येऊन बसली आणि तेलकट हात मांडीवर तसेच ठेवून तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरांचा तिसरा कागद, ती पिल्लं, ते वर्ष, ते अकरा जण. मधे थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलीच नाही. अक्का ऐकत होती. वाटीत एक मुंगी पडली होती, ती तिनं बोटानं काढली. “म्हणजे त्या दिवशी,” अक्का हळूच म्हणाली, “तुझा पाय पाण्यात सोडला आणि मी तिथंच ओंजळीनं पाणी प्यायले. घामाघूम झाले होते ना. ते?” मंगलानं मान डोलावली. “अग बाई,” अक्का म्हणाली आणि आपल्या सरळ पायाकडे पाहत राहिली. खालून भाजीवाल्याची हाक गेली. मंगलाला वाटलं, आता ही काय बोलेल त्यावर आपलं पुढचं सगळं आहे.

“तुला वाटून राहिलं होतं, तूच केलंस म्हणून?” अक्का म्हणाली. “आठ दिवस हेच चाललंय होय तुझं? अग, नऊ वर्षांची होतीस. चालता येत नव्हतं तुला. नेलं मी. न्हावी नको म्हणाला होता, अण्णा नको म्हणाले होते, तरी नेलं. तू रडायचीस सकाळपासून अंधार पडेपर्यंत, ऐकवत नव्हतं मला.” तिचा आवाज ओला झाला आणि लगेच करकरीत झाला. “आणि ठाऊक होतं का कुणाला? न मला, न त्या न्हाव्याला. त्या लग्नाचं म्हणशील तर त्या भागवतीणबाईंनी चहात चार चमचे साखर मागितली होती, असल्या सासूच्या हाताखाली मी दोन दिवस टिकले नसते.” मंगला हसता हसता रडायला लागली आणि तेलकट हातांनी डोळे पुसता येईनात. अक्कानं पदरानं तिचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरातच. मग ती म्हणाली, “पण एक सांग. तुझा तो सिनेमा काय सांगतोय लोकांना? पाण्यात पाय घालू नका, एवढंच ना? आणि पोरीच्या पायाची आग होते त्याचं काय? तिनं काय करायचं? ते लिहिलंय तुझ्या साहेबानं?” लिहिलेलं नव्हतं. चारी कागदांत कुठंच नव्हतं. “वेडे लोक,” अक्का म्हणाली. “रडणारं लेकरू घरात असलं ना, की कुणी ऐकत नाही बघ, सरकारचा बाप आला तरी. त्यांना म्हणावं, पाणी वर आणा. घागर भरून माडीवर आणायची, परातीत पोरीचा पाय ठेवायचा आणि वरून धार धरायची. आणि ते पाणी मग बावडीपासून दूर, तापल्या मातीवर ओतायचं. एवढं मला तेव्हा सुचलं असतं तर.” एवढं म्हणून ती कंगवा उचलून स्वतःच केस विंचरू लागली.

मंगला दुपारभर खिडकीपाशी बसून काढत होती. जेवण झाकून राहिलं. सातवी चौकट तिनं फाडली नाही, उलटी करून ठेवली. तिच्या जागी चार नव्या चौकटी आल्या. पहिलीत मोठी बहीण धाकटीला पाठीवर घेऊन गल्लीतून चाललीय. दुसरीत ती बावडीच्या पहिल्या पायरीवर उभी आहे, एक पाय खाली टाकलेला, आणि खाली घागरी भरणाऱ्या बाया वर पाहताहेत. तिसरीत ती वळलीय. चौथीत माडी, परात, पाण्याची धार. हात झरझर चालत होता. तिसरी चौकट काढताना तिला फार वेळ लागला, कारण पहिल्या पायरीवरून परत वळणारी ती पंधरा वर्षांची मुलगी तिनं कधीच पाहिली नव्हती. जे पाहिलं नाही ते काढू नका, असं मुलींना सांगणारी बाई आज ते काढत होती आणि तिचं मन तिला बिलकूल खात नव्हतं.

ऊन कलल्यावर मधुकर आला. अक्कानं त्याला पोहे दिले. खाटेवर चौकटी ओळीनं मांडून तो उभ्यानं बघत राहिला, पुढं गेला, मागं आला. “ही वळते?” त्यानं विचारलं. “डॉक्टरांच्या कागदात असं नाही.” “डॉक्टरांच्या घरी नारू झालेली पोर नसेल,” मंगला म्हणाली. एवढं ठणकावून ती आजवर कुठल्या पुरुषाशी बोलली नव्हती. मधुकरनं पुन्हा पाहिलं. “ती परात डॉक्टरांना दाखवावी लागेल. पण ते हो म्हणतील, का नाही म्हणणार? अडचण फिल्मची आहे. तीन चौकटी जास्त होताहेत. काहीतरी गाळायला लागेल.” मंगलानं ओळीतली पहिली चौकट उचलली, मध्यभारताचा नकाशा, नागमोडी सीमा, चंबळेची वळणं. “हे एक नोव्हेंबरनंतर तसंही चुकीचं ठरणार,” ती म्हणाली. मधुकर आधी दचकला, मग मोठ्यानं हसला. “साहेब बिगडेंगे,” तो म्हणाला. “बिगडने दो. तोपर्यंत साहेब तरी कुठं असणार आहेत! एकानं नाही भागणार, पण शेवटचं भाषणही छोटं करता येईल.” निघता निघता तो म्हणाला, “उद्या नानाखेड्याकडच्या एका बावडीवर कॅमेरा लावतोय. तुम्ही पाहिजेत तिथं, मंगलाबाई. खाली, पायरीवर. कुठून बघायचं ते तुम्हालाच ठाऊक आहे.” ती बरं म्हणाली आणि मगच तिच्या लक्षात आलं की आपण खाली उतरायला कबूल झालो. चौकटींवर क्रमांक घालायचे राहिले होते. ते घालून सकाळी बावडीवर जाताना टांग्यातच देते, असं तिनं सांगितलं.

तो गेल्यावर अक्का आपला पाय पुढं टाकत खाटेपाशी आली. “दाखव बघू. नुसतं त्या साहेबालाच दाखवतेस.” पाठीवर पोर घेतलेल्या त्या चौकटीशी ती वाकली. वेणी बघितली, मान बघितली, कानामागं मंगलानं टेकवलेला बारीक ठिपका बघितला. मग तिचं बोट पाठीवरच्या पोरीच्या तोंडावर आलं. तोंड आ वासलेलं होतं, पोर किंचाळत होती. “हे चुकलंय,” अक्का म्हणाली. “रडत नव्हतीस तू तेव्हा. जिन्यापर्यंत रडलीस. पाठीवर घेतलं आणि गप्प झालीस. मला वाटलं झोपलीस की काय, म्हणून तर मी मोठ्यानं पायऱ्या मोजत होते. पाणी यायच्या कितीतरी आधीच गप्प झालीस.” मंगलानं तिच्याकडे पाहिलं. खिडकीतला उजेड अजून पुरेसा होता. तिनं रबर घेतलं, तुटलेल्या कोपऱ्याच्या बाजूनं ते तोंड हलकेच पुसलं, कागदावरचा भुगा फुंकून टाकला आणि पोरीचे ओठ मिटलेले काढले.